औषध कधी सुरू झाले?

मुलाच्या किडनीला काही झाले की सकाळी डोळ्यांखाली सूज येते, लघवी कमी होते, कधी ती चहाच्या रंगाची दिसते. एवढे आपल्याकडे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. नेफ्रॉटिक सिंड्रोमचे मूल म्हणूनच फार काळ लपत नाही. हे पुस्तक ज्या आजाराविषयी आहे त्यात यातले बहुधा काहीच घडत नाही. चेहरा सुजण्याऐवजी सुकलेला असतो. लघवी भरपूर होते, रात्री उठूनही होते. मूल जेवत नाही, त्याला मळमळते, कुशीत दुखते असे ते म्हणते, अंगात कणकण राहते, वजन उतरते. घरचे म्हणतात, मोठ्या तापातून उठलेय, अशक्तपणा असणारच. डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात. आणि ज्या औषधामुळे हे सारे चालले आहे ते कधीकधी अजून सुरूच असते.

औषधामुळे होणारा तीव्र इंटरस्टिशियल नेफ्रायटिस, हे त्याचे वैद्यकीय नाव. किडनीत रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ असतात आणि त्यांतून उतरलेल्या पाण्यातले कामाचे ते परत घेणाऱ्या लांब नलिका असतात. या नलिकांच्या मधे, शेतातल्या पाटांमधल्या मातीसारखी, थोडीशी जागा उरते. या आजारात त्या जागेत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, ती जागा फुगते, नलिका दबतात आणि पेशी त्यांच्या भिंतीतही घुसतात. गाळणारे गुच्छ बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणून लघवीतून प्रथिने फार जात नाहीत आणि अंगावर सूज येत नाही. नलिकांची पाणी परत ओढण्याची ताकद मात्र जाते, म्हणून लघवी वाढते. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर सापडली तर तीही याच बिघाडाची खूण असू शकते.

हे डोस जास्त झाल्याने होणारे नुकसान नाही. प्रतिकारयंत्रणा औषधाला परके मानून त्याच्यावर उठते आणि मार किडनी खाते. योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य कारणासाठी दिले तरी एखाद्या मुलात हे होऊ शकते. त्यामुळे पानोपानी कोणाला तरी दोषी ठरवण्याचा मोह या विषयात टाळावा लागतो, आणि लेखकांनी तो टाळला आहे.

या आजाराचा इतिहास औषधांपासून सुरू होत नाही. १८९८ मध्ये बॉस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ विल्यम कौन्सिलमन यांनी डिप्थेरिया आणि स्कार्लेट फीव्हर यांनी दगावलेल्या रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हे दोन्ही मुख्यतः लहान मुलांचे आजार. नलिकांच्या मधल्या जागेत पेशींचे थवे होते, पण जंतू मात्र सापडेनात. आजार घशात किंवा कातडीवर आणि दाह किडनीत, असे हे कोडे होते. पुढची चार-पाच दशके या दाहाकडे संसर्गाची दूरवर पडलेली सावली म्हणूनच पाहिले गेले. मग सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले, संसर्गाने मरणारी मुले वाचू लागली आणि कोड्याचा चेहरा बदलला. दाह तसाच होता, पण आता प्रत्येक रुग्णाच्या अंगात संसर्गही होता आणि औषधही. यातले नेमके कारण कोणते, हा प्रश्न तेव्हा जन्मला आणि आजही तो दर रुग्णापाशी नव्याने सोडवावा लागतो.

१९६० च्या सुमारास मेथिसिलिन बाजारात आले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते रामबाण ठरले, पण दहा-बारा दिवस ते चालले की काही रुग्णांना पुन्हा ताप येई, अंगावर पुरळ उठे, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढत आणि लघवीतून रक्त जाई. १९६८ पर्यंत पेनिसिलिन आणि मेथिसिलिनमुळे होणाऱ्या नेफ्रायटिसची बायॉप्सीसह सविस्तर वर्णने छापून आली होती. ताप, पुरळ, इओसिनोफिल ही त्रयी तिथून पाठ्यपुस्तकांत शिरली. किडनीवरच्या या दुष्परिणामामुळे मेथिसिलिन यथावकाश वापरातून गेले. त्रयी मात्र राहिली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती पाठ केली आणि परीक्षेत लिहिली.

माझ्या मते या आजाराच्या निदानाची निम्मी अडचण इथे आहे. आपण एका गेलेल्या औषधाचे चित्र उराशी धरून आजची मुले तपासत आहोत. आज ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण साधारण दहात एक, किंवा त्याहूनही कमी. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी होणाऱ्या नेफ्रायटिसमध्ये पुरळ क्वचितच उठते आणि आजार औषध सुरू झाल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोके वर काढतो. उलट काही वेळा लघवीतून भरपूर प्रथिने जातात आणि नेफ्रॉटिक सिंड्रोमचा भास होतो, म्हणजे वर मी जो नियम सांगितला तोही मोडतो. पित्तावरच्या ओमेप्राझोलमुळे नेफ्रायटिस झाल्याची पहिली नोंद १९९२ ची. त्यात तर ताप-पुरळ शोधत बसणे व्यर्थच. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, आतड्याच्या दाहावरचे मेसालामाइन, को-ट्रायमोक्साझोल, व्हॅन्कोमायसिन, प्रत्येकाची तऱ्हा थोडी वेगळी. त्रयी दिसली तर निदानाला बळ येते. ती दिसली नाही म्हणून निदान बाद करणारे डॉक्टर मात्र मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी अडचण प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली असते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येते आणि लहान मुलाचे स्नायू ते कितीसे! तीन वर्षांच्या, ९५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन एरवी ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. ते ०.७ झाले तर किडनीचे निम्म्याहून अधिक काम थांबले असा अर्थ होतो. पण पुष्कळ लॅबच्या छापील कागदावर शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा असते, साधारण ०.६ ते १.२, आणि ०.७ त्यात आरामात बसते. आकड्याखाली लाल रेघ येत नाही, आईला ‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल’ असे सांगितले जाते. जॉर्ज श्वार्ट्झ यांचे २००९ चे सुटसुटीत सूत्र, उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागणे, याच मुलाला लावले तर १३० वरून ५६ वर घसरण दिसते. क्रिएटिनिन चढत असताना हे सूत्र खरे तर चालत नाही, ते स्थिर अवस्थेसाठी आहे. तरीही धोक्याची घंटा वाजवायला ते पुरेसे आहे. ‘केडिगो’च्या २०१२ च्या मार्गदर्शनानुसार ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट वाढ म्हणजे किडनीला तीव्र इजा. या हिशेबाला आधीचा आकडा लागतो, आणि ताप आलेल्या मुलाचा आधीचा आकडा आपल्याकडे कोणापाशी असतो?

निदान कशाने करावे यावर तीन विचारांचे लोक आढळतात. पहिले बायॉप्सीवाले. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत मांडली आणि जिवंत रुग्णाच्या किडनीत काय चालले आहे ते दिसू लागले. बायॉप्सीवाल्यांचे म्हणणे सरळ आहे: तुकडा पाहिल्याशिवाय जे बोलता तो अंदाज. ते खरेही आहे, कारण स्टिरॉइड द्यायचे की नाही हा निर्णय त्या तुकड्यातल्या पेशींवर आणि व्रणांवर ठरू शकतो. दुसरे म्हणतात, मुलाला गुंगी देऊन पाठीत सुई घालण्याआधी संशयित औषध बंद करा आणि काही दिवस थांबा. क्रिएटिनिन उतरू लागले तर तेच उत्तर. आपल्याकडची बहुतेक निदाने याच वाटेने होतात, कधी तत्त्व म्हणून, कधी जवळपास बायॉप्सी वाचणारा कोणी नसतो म्हणून. या वाटेचा दोष असा की दोन-तीन औषधे एकदम बंद केली की दोषी कोण हे कायमचे अंधारात राहते.

तिसरा पक्ष लघवीत उत्तर शोधणाऱ्यांचा. त्यांची कथा थोडी करुण आहे. लघवीतल्या इओसिनोफिल पेशी हान्सेल स्टेनने रंगवून पाहणे ही तपासणी १९८० च्या दशकात फार गाजली, वॉर्डावॉर्डात होऊ लागली. २०१३ मध्ये मेयो क्लिनिकने तिची बायॉप्सीशी गाठ घालून पाहिली. एक टक्क्याची नेहमीची मर्यादा धरली तर आजार असलेल्या शंभरातल्या एकतीस जणांतच ती तपासणी बोलली, आणि आजार नसलेल्या शंभरातल्या बत्तीस जणांतही बोलली. नाणे उडवणे यापेक्षा स्वस्त पडले असते. तरी ही तपासणी लिहून देण्याची सवय पुरती मोडलेली नाही. अलीकडे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लघवीतील टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-९ आणि पुढे सीएक्ससीएल-९ या रेणूंवर काम केले आहे. ते आशादायक आहे, पण रुग्ण मोठ्या वयाचे आहेत, आणि तालुक्याच्या लॅबपर्यंत ते पोचायला वेळ आहे. तोवर साधी लघवीची तपासणी नीट वाचली तरी पुष्कळ मिळते: कल्चर निगेटिव्ह असताना पस सेल, पांढऱ्या पेशींचे कास्ट, थोडीशी प्रथिने, साखर. पस सेल दिसले की ‘लघवीचा संसर्ग’ म्हणून आणखी एक अँटिबायॉटिक सुरू होते, हा या आजारातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारा फेरा आहे.

लेखकांचा स्वतःचा कल यांपैकी कुठल्याही पक्षाकडे नाही. पुस्तकाचा कणा तारखांचा आहे, आणि मला तो पूर्ण पटतो. एका कागदावर आडवी रेघ ओढायची. वर औषधे लिहायची: कोणते, कधी सुरू, कधी बंद, मधे खंड पडला का, आधी कधी दिले होते का. खाली किडनीच्या तारखा लिहायच्या: ताप पुन्हा आला तो दिवस, उलटी, लघवी वाढली ती रात्र, प्रत्येक क्रिएटिनिन. पहिल्यांदाच दिलेल्या औषधाने दाह व्हायला बहुधा आठवडा-दीड आठवडा लागतो, आधी सरावलेल्या अंगात दोन-तीन दिवस पुरतात, आणि रिफाम्पिसिन पुन्हा सुरू केल्यावर तर एखादा दिवसही. ही रेघ ओढली की पाचांतली तीन औषधे आपोआप सुटतात. कोणत्याही तपासणीआधी ही रेघ हवी, कारण तिच्याशिवाय तपासण्यांचे आकडे नुसते लोंबकळत राहतात.

ही रेघ ओढणे आपल्याकडे किती कठीण आहे हे मात्र कोपनहेगन किंवा बॉस्टनची पुस्तके वाचून कळत नाही. आईकडे चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असतात, तिसऱ्याने पुडी बांधून दिलेली असते, मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून चार गोळ्या दिलेल्या असतात आणि नाव त्या कापलेल्या भागावर राहिलेले असते. मोठ्या भावाच्या तापातली उरलेली बाटली फ्रिजमध्ये असते. तापाचे ‘गुलाबी औषध’ आणि ‘संत्र्याच्या चवीचे औषध’ यांत कुठले पॅरासिटामॉल आणि कुठल्यात मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेले, हे कोणाला ठाऊक नसते. मेफेनॅमिक ॲसिड आपल्या घराघरांत इतके मुरले आहे की त्याला कोणी औषधही म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने त्याच्यामुळे होऊ शकणाऱ्या ‘ड्रेस’ या गंभीर ॲलर्जीबाबत सूचना काढली तेव्हा कुठे थोडी चर्चा झाली. ‘ड्रेस’मध्ये किडनीही सापडू शकते. झाडपाल्याचा काढा तर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारताना आवाजात जरा जरी रागाची धार असली तर विचारूनही सांगत नाही. औषधांचा इतिहास कसा विचारावा यावर या पुस्तकात आजीला, आईला, आश्रमशाळेतल्या अधीक्षकांना विचारायचे प्रश्न जसेच्या तसे, बोलीतल्या वाक्यांत छापले आहेत. एवढ्या भागासाठीही मी हे पुस्तक प्रत्येक निवासी डॉक्टरच्या हाती देईन.

क्षयरोगाचा संदर्भही इथलाच. रिफाम्पिसिनची किडनीवरची प्रतिक्रिया रोज औषध घेणाऱ्यांपेक्षा आड दिवशी किंवा खंड पाडून घेणाऱ्यांत अधिक दिसते. राष्ट्रीय कार्यक्रमात अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत होती; २०१७ मध्ये भारताने रोजच्या डोसाकडे वळण घेतले. आता धोका उरतो तो औषध सोडून गावी गेलेल्या आणि महिन्यांनी परत आलेल्या मुलाचा.

तारखांवर इतका भर दिल्यावर त्यांच्याच एका फसवणुकीविषयी बोलायला हवे. ताप आला म्हणून औषध दिले आणि मग किडनी बिघडली, एवढ्यावरून औषधाने बिघडवली असे ठरत नाही. कदाचित तो ताप किडनीच्या दाहाचाच पहिला निरोप असेल आणि औषध बिचारे नंतर आले असेल. १९७५ मध्ये डोब्रिन आणि सहकाऱ्यांनी दोन किशोरवयीन मुलींचे वर्णन केले. त्यांना इंटरस्टिशियल नेफ्रायटिस होता आणि डोळ्याच्या मधल्या पडद्याचा दाहही, म्हणजे युव्हायटिस. ‘टिनू’ या नावाने ओळखला जाणारा हा आजार मुलांत आपण समजतो तितका दुर्मीळ नाही. थकवा, ताप, वजन घटणे यांनी त्याची सुरुवात होते, घरात आयब्युप्रोफेन दिले जाते, आणि पुढे केसपेपरवर आयब्युप्रोफेनचेच नाव गुन्हेगार म्हणून चढते. डोळे लाल होतात ते कधी आधी, कधी महिन्यांनंतर, आणि कधी लाल न होताच आत दाह चालू राहतो. म्हणून इंटरस्टिशियल नेफ्रायटिसचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे डोळे स्लिट लॅम्पखाली तपासावेत, तेही एकदा नाही, काही महिने अधूनमधून, हा आग्रह पुस्तकात आहे.

उलट बाजूने, औषधामुळे किडनी गेली म्हणजे नेफ्रायटिसच असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागातली मुले खोकल्याच्या पातळ औषधानंतर लघवी बंद झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली. त्या भागात वीसहून अधिक मुले दगावली आणि औषधात डायइथिलिन ग्लायकॉल सापडले. मुंबईत १९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. ती विषबाधा आहे, ॲलर्जी नाही: नलिकांच्या पेशी थेट मरतात, लघवी झपाट्याने थांबते, आणि एकाच भागातून, एकाच बाटलीच्या मागे अनेक मुले येतात. तिथे स्टिरॉइडचा विचार करत बसणे म्हणजे वेळ घालवणे. तिथे बाटली जपून ठेवणे आणि अन्न व औषध प्रशासनाला त्याच दिवशी कळवणे हा उपचाराचाच भाग असतो. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये यासाठी लेखकांनी पुस्तकात विषबाधेला मुद्दाम जागा दिली आहे. मला आधी ती विषयाबाहेरची वाटली होती. छिंदवाड्यानंतर तसे म्हणवत नाही.

घाई का करायची, याचेही उत्तर तारखांतच आहे. दाह फार दिवस राहिला की त्या मधल्या जागेत व्रण धरू लागतात आणि व्रण परत विरघळत नाहीत. औषध वेळेत थांबले तर बहुतेक मुलांची किडनी सावरते. ज्यांचे निदान महिनाभर रखडते त्यांतली काही कायमची उणी किडनी घेऊन मोठी होतात, आणि त्यांचा रक्तदाब पुढे कोण मोजणार हा प्रश्न उरतो. या पुस्तकात क्रमाने सारे आजार आणि त्यांच्या व्याख्या सांगण्यापेक्षा असे रखडलेले आणि वेळेत ओळखलेले रुग्ण शेजारी ठेवून वाचकाला स्वतः रेघ ओढायला लावले आहे. मुलांच्या किडनीतज्ज्ञांची संख्या आपल्याकडे मोजकी आणि तीही मोठ्या शहरांत. पहिली रेघ ओढणारा माणूस फलटण किंवा किनवटमधला बालरोगतज्ज्ञ, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी असणार आहे. पुस्तक त्याच्यासाठी आहे.

एका मुद्द्यावर माझे लेखकांशी पटत नाही आणि ते त्यांना ठाऊक आहे. औषध थांबवून तीन दिवसांत क्रिएटिनिन उतरले नाही तर स्टिरॉइड सुरू करावे असा त्यांचा कल आहे. त्यांचा आधार मुख्यतः २००८ मधील स्पेनच्या अभ्यासाचा. त्यात पूर्ण बरे झालेल्यांना औषध बंद केल्यावर सरासरी १३ दिवसांत स्टिरॉइड मिळाले होते, तर अर्धवट बरे झालेल्यांना ३४ दिवसांनी. पण ते रुग्ण मोठ्या वयाचे होते आणि कोणाला केव्हा स्टिरॉइड द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते. मुलांवरचा फिनलंडमधला यादृच्छिक अभ्यास छोटा आहे, २०१३ चा; त्यात प्रेडनिसोनने सुधारणा लवकर झाली, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या किडन्यांत फारसा फरक राहिला नाही. मी आठवडाभर थांबतो, आणि थांबणे परवडणार नाही असे वाटले तर आधी बायॉप्सी मागतो. लेखक म्हणतात, तुमच्या रुग्णालयात बायॉप्सी होते म्हणून तुम्ही असे म्हणता. यावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही. दोन्ही बाजू त्यांनी प्रामाणिकपणे छापल्या आहेत, माझे आक्षेपही तळटिपांत घेतले आहेत. वाचकाने आपल्या वॉर्डात काय उपलब्ध आहे ते पाहून ठरवावे.